टेस्ट ऑटोमेशनचं टूल निवडताय? डेमो बघू नका, मोडून बघा

हा भाग तुम्ही कदाचित बसमध्ये किंवा लोकलमध्ये कानात इअरफोन घालून ऐकला असेल. ज्यांना नावं आणि आकडे नीट टिपून घ्यायचेत, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ बरेचसे काढून टाकलेत. बाकी गप्पा त्याच.

सुरुवात नाशिकहून आलेल्या एका व्हॉइस मेसेजनं करतो.

“दादा, मी दीड वर्षापासून मॅन्युअल टेस्टर आहे. आमची कंपनी छोटी आहे, दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते. सर म्हणाले, पंधरा दिवसांत सांग, ऑटोमेशनसाठी कोणतं टूल घ्यायचं. यूट्यूबवर बघायला बसले, तर प्रत्येक जण आपलंच टूल भारी म्हणतोय. आणि खरं सांगू, थोडी भीतीही वाटतेय. टूल आलं की माझं काम राहील ना?”

ताई, तुझे प्रश्न दोन आहेत. पहिल्याचं उत्तर देता देता दुसऱ्याचंही मिळेल, बघ.

आधी माझी फजिती

ऑटोमेशन म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगतो. प्रत्येक रिलीजच्या आधी आपण हातानं तेच तेच तपासतो: लॉगिन होतंय का, अपॉइंटमेंट बुक होतेय का, रद्द केली तर पैसे परत जातायत का. ही कामं स्क्रिप्टकडून करून घ्यायची, म्हणजे ऑटोमेशन.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो, तिथं एक महागडं टूल घेतलं गेलं. विक्रेत्याची माणसं आली, दहा मिनिटांचा डेमो दिला. माऊसनं क्लिक करत जा, टूल ते रेकॉर्ड करतं, मग बटण दाबलं की आपोआप तेच पुन्हा चालवतं. कोड लिहायची गरज नाही! सगळे खूश. सहा महिन्यांत आमच्याकडे तीनशेच्या वर टेस्ट झाल्या.

मग डेव्हलपरनी मुख्य स्क्रीनची रचना बदलली. एका रात्रीत सत्तरेक टेस्ट लाल. सॉफ्टवेअर ठीक होतं, फक्त बटणांचे आयडी बदलले होते. दुरुस्तीला आठवडा गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. हळूहळू आम्हाला सवय लागली: लाल दिसलं की “ते नेहमीचंच आहे, जाऊ दे पुढे.”

आणि एका शुक्रवारी एक लाल खरी होती. पेमेंटचं पान अडकलं आणि ग्राहकानं पुन्हा बटण दाबलं, तर पैसे दोनदा कापले जात होते. टेस्टनं ते पकडलं होतं, रिपोर्टमध्ये ते होतंही. पण आमच्यापैकी कुणीच तो रिपोर्ट उघडला नव्हता. शनिवारी सकाळपासून ग्राहकांचे फोन सुरू झाले.

त्यानंतर बोलणी कुणाला बसली? आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी मॅन्युअल टेस्टरला. बिलिंगचा कोपरा न् कोपरा तिला तोंडपाठ होता. पण टूल निवडताना तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

टूल तसं वाईट नव्हतं. आमची निवडायची पद्धत चुकली होती. डेमोत टूल चालताना दिसतं, पण खरा खर्च टेस्ट मोडल्यावर सुरू होतो. म्हणून टूल निवडताना विचारायचा मुख्य प्रश्न हा: टेस्ट मोडेल तेव्हा ती कोण दुरुस्त करणार, आणि किती वेळात?

मैदानात कोण कोण आहे

सेलेनियम. जुनं आणि ओळखीचं. २००४ साली शिकागोत, थॉटवर्क्स कंपनीत असताना जेसन हगिन्स यांनी ते सुरू केलं. नावामागे एक गंमत आहे. तेव्हा या धंद्यात मर्क्युरी ही मोठी कंपनी होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर उतारा म्हणून सेलेनियम! मर्क्युरी पुढे २००६ मध्ये एचपीनं विकत घेतली. सेलेनियम अजून फुकट आणि ओपन सोर्स आहे.

त्याचं काम असं चालतं: तुमची स्क्रिप्ट ड्रायव्हरला सांगते, ड्रायव्हर ब्राउझरला सांगतो. ही बोलायची पद्धत, म्हणजे वेबड्रायव्हर, २०१८ मध्ये वेबचं अधिकृत मानक झाली. त्यामुळे क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज सगळे तिला ओळखतात. जावा, पायथन, सी शार्प, रुबी, जावास्क्रिप्ट, कोणत्याही भाषेत लिहा. अडचण कुठे? बाकीचा संसार तुम्हालाच मांडावा लागतो. टेस्ट चालवणारी चौकट वेगळी, रिपोर्ट वेगळा, आणि पानावरचं बटण किंवा रकाना तयार होईपर्यंत थांबायचं कसं, तेही स्वतः लिहायचं.

सायप्रेस. हे ब्राउझरच्या आतच, तुमच्या अ‍ॅपच्या शेजारी बसून चालतं. प्रत्येक पायरीला स्क्रीन कशी होती हे मागे जाऊन बघता येतं, त्यामुळे नवख्या माणसाला शिकायला सोपं. पण भाषा फक्त जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्ट. आणि तुमच्या अ‍ॅपमध्ये नवीन टॅब उघडत असेल, तर वळसा घालून जावं लागतं. मूळ टूल फुकट, क्लाउडवरच्या जास्तीच्या सोयींना पैसे.

प्लेराइट. मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये आणलं. ते बनवणाऱ्यांपैकी काही जणांनी आधी गुगलमध्ये पपेटिअरवर काम केलं होतं. क्रोमियम, फायरफॉक्स आणि सफारीच्या पोटातलं वेबकिट, तिन्ही चालवतं. जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट, पायथन, जावा, डॉट नेटमध्ये लिहिता येतं. बटण दिसतंय का, दाबण्याजोगं झालंय का, हे बघून मगच क्लिक करतं. म्हणजे कसं, घड्याळात दहा मिनिटं लावून कुकर बंद करण्याऐवजी शिट्ट्या मोजून बंद करणं. टेस्ट पडली तर नेमकं काय घडलं याचा पायरीवार माग बघता येतो. हेही फुकट.

अ‍ॅपियम. अँड्रॉइड आणि आयफोनवर इन्स्टॉल होणारं अ‍ॅप तपासायचं असेल तर हे. वेबड्रायव्हरचीच पद्धत मोबाइलवर. इथे एक गल्लत नेहमी होते. प्लेराइट मोबाइलचा आभास निर्माण करतं, पण तो मोबाइलच्या आकाराच्या ब्राउझरचा. प्ले स्टोअरवरून उतरवलेल्या अ‍ॅपसाठी ते नाही.

विकतची टूल्स. टोस्का, टेस्टकम्प्लीट, यूएफटी वगैरे. फक्त वेबसाइट असलेल्यांना त्यांची गरज वाटत नाही, पण एसएपी किंवा विंडोजवरचं जुनं सॉफ्टवेअर तपासायचं असेल तर ती कामाला येतात. अडलं तर फोन करायला माणूस असतो. त्याबदल्यात लायसन्सचे पैसे, आणि बहुतेक वेळा टेस्ट त्यांच्याच साच्यात अडकतात. उद्या टूल बदललं तर त्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

‘फुकट’ किती फुकट?

ओपन सोर्स टूलला लायसन्स लागत नाही, पण माणसाचे तास लागतात. समजा तुमच्या २०० टेस्ट आहेत. आठवड्याला १५ मोडल्या आणि एकेकीला ४० मिनिटं लागली, तर १० तास गेले. म्हणजे एका माणसाचा आठवड्यातला सव्वा दिवस. विकतच्या टूलनं हाच वेळ खरोखर निम्मा केला, तर ते स्वस्तही पडू शकतं. उलट लायसन्सही भरलं आणि वेळही तितकाच गेला, तर दुहेरी नुकसान.

दुसरा खर्च लपलेला असतो: फ्लेकी टेस्ट. कोड तोच, टेस्ट तीच, पण कधी हिरवी, कधी लाल. गुगलनं २०१६ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार तरी हा दोष आहे. गुगलची ही गत, तर आपली काय!

आता हे गणित लक्ष द्या. २०० टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट १०० पैकी फक्त एकदा विनाकारण पडते. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण सगळ्या एकाच वेळी हिरव्या येण्याची शक्यता फक्त १३ टक्के उरते. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये एकही बग नसताना १०० पैकी ८७ वेळा रिपोर्ट लाल. मग लोक रिपोर्ट बघणं सोडतात. आमच्याकडे तेच झालं. तेच प्रमाण हजारात एकदा इतकं खाली आणलं, तर १०० पैकी साधारण १८ वेळाच खोटा लाल येतो.

पंधरा दिवसांचा कार्यक्रम

ताई, आता तुझ्यासाठी वेळापत्रक.

पहिले दोन दिवस: कागद-पेन. काय तपासायचंय ते लिही. वेब, मोबाइल अ‍ॅप की दोन्ही? डेव्हलपर कोणत्या भाषेत काम करतात? तू अडलीस तर मदत तेच करणार, म्हणून त्यांची भाषा महत्त्वाची. टेस्ट कुठे चालणार, फक्त तुझ्या लॅपटॉपवर की प्रत्येक बदलानंतर सर्व्हरवर? यातूनच निम्मी नावं गळतील. जास्तीत जास्त दोन टूल पुढे ने.

पुढचे सहा दिवस: सगळ्यात त्रासदायक तीन गोष्टी. लॉगिनचं सोपं पान सगळीच टूल्स पास करतात. तू वाईटातलं वाईट घे. उदाहरणार्थ, ओटीपीचं लॉगिन, पेमेंटचं पान आणि पावतीची पीडीएफ. (ओटीपी खऱ्या मोबाइलवरून वाचू नको, डेव्हलपरकडून टेस्टसाठी ठरावीक ओटीपी मागून घे.) त्याच तीन टेस्ट दोन्ही टूलमध्ये लिही आणि किती वेळ लागला तो टिपून ठेव.

नववा आणि दहावा दिवस: पन्नास वेळा चालव. कोड न बदलता प्रत्येक टेस्ट ५० वेळा. किती वेळा विनाकारण पडली? हा आकडा कुठल्याच डेमोत सांगत नाहीत.

अकरा ते तेरा: मुद्दाम मोड. डेव्हलपरला सांग, बटणाचं नाव बदल, एक रकाना दुसरीकडे हलव. आता दोन गोष्टी मोज: काय मोडलं हे कळायला किती मिनिटं लागली, आणि दुरुस्तीला किती. मग टेस्टचा रिपोर्ट कोड न येणाऱ्या सहकाऱ्यापुढे ठेव. “कुठे अडलंय, सांग.” त्याला सांगता आलं तर उत्तम.

चौदावा दिवस: बाहेर पडायचा रस्ता. टूल बंद पडलं तर काय? हे होतं, बरं का. फँटमजेएसचं काम २०१८ मध्ये थांबलं. अँग्युलरवाल्यांचं प्रोट्रॅक्टर एके काळी जोरात होतं, २०२३ मध्ये त्याचा आधार संपला, आणि ज्यांनी शेकडो टेस्ट त्यात लिहिल्या होत्या त्यांना घर बदलावं लागलं. म्हणून ‘लॉगिन कर’, ‘बिल बनव’ अशा कृती एका जागी वेगळ्या लिहून ठेवायच्या. एरवी स्क्रीन बदलली तरी एकाच ठिकाणी दुरुस्ती पुरते.

पंधरावा दिवस: एक पान. सरांना सादरीकरणाच्या तीस स्लाइड नकोत. दोन टूल, पाच आकडे: लिहायला लागलेला वेळ, विनाकारण पडण्याचं प्रमाण, दोष कळायला लागलेली मिनिटं, दुरुस्तीची मिनिटं, वर्षाचा खर्च. खाली तुझं मत, दोन ओळीत.

माझा अंदाज विचारशील, तर फक्त वेब असेल आणि डेव्हलपर जावास्क्रिप्टवाले असतील, तर प्लेराइट आणि सायप्रेस हे दोन घेऊन बस. टीमला जावा येत असेल आणि सेलेनियम जाणणारी माणसं हाताशी असतील, तर सेलेनियम जुनं म्हणून टाकून देऊ नको. पण माझ्या अंदाजापेक्षा तुझे आकडे मोठे.

आणि तुझा दुसरा प्रश्न

काम राहील का? हे बघ, सगळं स्क्रीनवरून तपासायचं नसतंच. माइक कोन यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात टेस्टचा पिरॅमिड मांडला: खाली छोट्या, वेगवान युनिट टेस्ट भरपूर, मध्ये सेवांच्या टेस्ट, आणि वर स्क्रीनवरच्या टेस्ट थोड्याच. आमच्या तीनशेच्या तीनशे टेस्ट शेंड्यावर होत्या, म्हणून वारा आला की हलायच्या.

मग शेंड्यावर ठेवायच्या त्या थोड्या टेस्ट कोणत्या? हे टूल सांगत नाही. डॉक्टर सुट्टीवर गेले आणि पेशंटनं आगाऊ पैसे भरलेत, अशा वेळी काय व्हायला हवं, हे दीड वर्ष त्या स्क्रीन तपासणाऱ्या माणसालाच माहीत. तेव्हा कोड शिकायला लाग, रोज अर्धा तास का होईना. ते आता टाळता येणार नाही, खोटं कशाला सांगू. पण कोड सहा महिन्यांत शिकता येतो. दवाखान्याचं बिल कुठे चुकतं हे ज्ञान तुझ्याकडे आधीच आहे. टूल निवडायच्या बैठकीत ते घेऊन बस, आणि कुणी विचारलं नाही तरी बोल.

आमच्या त्या सहकारी टेस्टरला तेव्हा कुणी विचारलं असतं, तर तिनं पहिल्या दिवशी सांगितलं असतं: “आधी पैसे दोनदा कापतायत का ते बघा.”

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या कंपनीत टूल कसं निवडलं आणि नंतर काय झालं, व्हॉइस मेसेजनं नक्की कळवा. कंपनीचं नाव नाही घेतलंत तरी चालेल! भेटू पुढच्या भागात.