बांधावरची गुळवेल : लावा जरूर, प्या जपून



आपल्या शिवारात बांधावरच्या लिंबावर दोरखंडासारखी लोंबणारी, बदामी पानांची वेल सगळ्यांनी पाहिली आहे. ही गुळवेल. आयुर्वेदात तिला गुडूची, अमृता म्हणतात. आणखी एक नाव आहे ‘छिन्नरुहा’, म्हणजे तोडली तरी उगवणारी. नाव अगदी खरं आहे. बुडातून तोडली तरी वरचा वेल मरत नाही. सुतळीसारखी मुळं खाली सोडतो आणि ती जमिनीला टेकली की पुन्हा जोम धरतो.

लागवडीला खर्च असा काहीच नाही. बोटाएवढ्या जाडीच्या जून वेलाचे वीतभर लांबीचे, दोन-तीन डोळ्यांचे तुकडे घ्यावेत. मृगाचा पाऊस झाला की ते निम्मे मातीत पुरावेत. कांडी उलटी लावू नये, एवढं ध्यान ठेवा. जमीन हलकी, मुरमाड चालते. पाणी मात्र साचू नये. आधाराला कडुनिंब उत्तम. लिंबावरची गुळवेल वैद्य अधिक गुणाची मानतात. लहान झाडावर किंवा आंब्याच्या कलमावर ती चढू देऊ नये, झाड दबून जातं. उन्हाळ्यात पानं गळाली म्हणून वेल वाळली असं समजून उपटू नका. पावसाळ्यात ती पुन्हा फुटते.

उसात टू-फोर-डी मारताना जपा. हे औषध रुंद पानांच्या झाडांना मारतं, वेलही त्यात जाते. आणि तणनाशक फवारलेल्या बांधावरची गुळवेल औषधाला कधीही घेऊ नका.

औषधात मुख्यतः खोड वापरतात. जुना ताप, कावीळ, मधुमेह, वातरक्त यांवर वैद्य ती देत आले आहेत. संशमनी वटी हिचीच. सत्त्व काढायचं तर ताजं खोड धुऊन, ठेचून रात्रभर चौपट पाण्यात भिजवतात. सकाळी कुस्करून गाळायचं, पाणी निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं. तळाशी बसलेला पांढरा साका वाळवला की झालं गुळवेल सत्त्व.

आता मुद्द्याची गोष्ट. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने घरोघर काढ्याची पातेली चढली. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?’ असं म्हणून लोक महिनोन्‌महिने काढा पीत राहिले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात अपायकारक ठरू शकते, असं त्यांनी सांगितलं. त्या जातीच्या खोडावर चामखिळीसारखे भरपूर उंचवटे असतात. वाद तज्ज्ञांचा असला तरी यकृत आपलं आहे.

म्हणून ओळख पटल्याशिवाय वेल तोडू नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांनी, यकृताचं दुखणं असलेल्यांनी किंवा आमवातासारखे आजार असलेल्यांनी आपल्या मनाने घेऊ नये. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर रक्तातली साखर फार उतरू शकते. काढा घेत असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर काढा ताबडतोब थांबवून दवाखाना गाठावा आणि काय घेत होतो ते डॉक्टरांना न लपवता सांगावं.

उसाला खताची मात्रा आपण मोजून देतो. मग स्वतःच्या अंगाला औषध अंदाजाने का द्यावं? येत्या मृगात बांधावर दोन कांड्या अवश्य लावा. पोटात घ्यायची झाली तर आधी जाणत्या वैद्याला विचारा.