विमानांतून सुटलेली गोळी

राजूरच्या गणपतीच्या यात्रेस जालन्याकडून एक बैलगाडी दौडत निघाली आहे आणि तींत एक खोडकर मुलगा बसला आहे, असें समजावें. रस्त्याकडेची बाभळ अगदीं समोर येतांच तो हातांतला खडा तिच्या खोडावर मारतो. खडा खोडाला लागत नाहीं. गाडीच्या दिशेनें चार-सहा हात पुढें जाऊन पडतो. मुलाला वाटतें, नेम चुकला. वस्तुतः नेम बरोबर होता, हिशेब चुकला. हातांतून सुटण्यापूर्वीं खडा गाडीबरोबर धांवत होता, आणि सुटल्यावरहि ती धांव त्यानें टाकलेली नसते. विमानांतून सुटणाऱ्या गोळीची पहिली गोष्ट हीच. मात्र तेथें हिशेब चुकला तर त्याची किंमत माणसांच्या प्राणांनीं द्यावी लागते.

सप्टेंबर १९४८ मध्यें राजूर-जालन्याचा हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १३ तारखेस भारतीय सेना हैदराबाद संस्थानांत शिरली. सोलापूरकडून निघालेली मुख्य फौज दुसऱ्या दिवशीं उमरग्याहून पूर्वेस राजेश्वराकडे चालूं लागली. (हें राजेश्वर बिदरच्या बाजूचें, राजूरच्या राजुरेश्वराशीं त्याचा घोटाळा करूं नये.) वाटेंत शत्रु दबा धरून बसला आहे असें टेहळणीच्या विमानांस दिसलें, तेव्हां हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांस पाचारण झालें. त्यांनीं मारा करून वाट मोकळी केली व दुपारपर्यंत राजेश्वर हातीं आलें. ज्या रस्त्यावर शत्रु होता, त्याच रस्त्यानें मागून आपलें सैन्य येत होतें. अशा वेळीं गोळी नेमकी कोठें पडणार हा प्रश्न केवळ गणिताचा राहत नाहीं.

टेम्पेस्टच्या पंखांत २० मिलिमीटर व्यासाच्या चार हिस्पानो तोफा बसविलेल्या असत. उभ्या विमानांतून त्यांची गोळी दर सेकंदास सुमारें २,७५० फूट वेगानें सुटते. विमान ताशीं ४०० मैल वेगानें झेपावत असेल, तर त्याचा स्वतःचा वेग सेकंदास सुमारें ५९० फूट होतो. पुढच्या दिशेनें सोडलेल्या गोळीला हे दोन्ही वेग मिळतात आणि जमिनीच्या मानानें ती ३,३४० फूट वेगानें निघते. वेग पांचव्या हिश्शानें वाढला. पण आघाताची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें ती जवळजवळ दीडपट होते. तोफेच्या मानानें पाहिलें तर गोळीचा वेग जेवढा होता तेवढाच आहे. धांवत्या आगगाडीच्या डब्यांत वर उडविलेला रुपया पुन्हां हातांतच पडतो, त्यांतलाच हा प्रकार.

मिळालेला वेग पुढच्याच दिशेचा असतो असें मात्र नाहीं, आणि नवशिक्या वैमानिकाची फसगत येथेंच होते. विमानाचें नाक जिकडे असतें, तिकडेच विमान जात असतें असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षांत, शेणांत चाक पडल्यावर गाडी जशी तिरपी घसरते, तसें विमान हवेंत आडवें घसरूं शकतें. ही घसर सेकंदाला पंधरा फूट असली तरी चालकाला ती सहज जाणवत नाहीं. गोळीला मात्र ती वारसाहक्कानें मिळते. २,००० फुटांवरील लक्ष्य गांठण्यास गोळीला पाऊण सेकंदाच्या आंतबाहेर वेळ लागतो; तेवढ्यांत ती दहा-अकरा फूट बाजूला जाते. शिवाय पृथ्वी तिला तेवढ्याच वेळांत सात-आठ फूट खालीं ओढते. म्हणून वैमानिकाची पहिली शिकवण नेम धरण्याची नसून घसर न होऊं देतां विमान सरळ चालविण्याची असते. तोफा पंखांत दूरदूर असल्यानें त्यांच्या नळ्या किंचित् आंत वळवून सर्व गोळ्या ठराविक अंतरावर एकत्र येतील अशी योजना करीत; त्या अंतराच्या अलीकडे-पलीकडे मारा पातळ होई. आणि हें सर्व साधावयाचें तें क्षणार्धांत, कारण ते २,००० फूट विमान स्वतः साडेतीन सेकंदांत संपवितें. वर उचलण्यास विलंब झाला तर गोळीच्या मागोमाग विमानहि जमिनीवर जावयाचें.

तोफा झाडतांना विमानालाहि मागें धक्का बसतो. एक गोळी जेमतेम १३० ग्रॅमची. पण प्रत्येक तोफ मिनिटास सुमारें ७५० गोळ्या सोडते. हिशेब केला तर चारहि तोफा मिळून विमानास साडेपांचशे किलोच्या भाराइतक्या जोरानें मागें रेटतात. दोन सेकंदांच्या माऱ्यानें विमानाचा वेग ताशीं चार-पांच मैलांनीं कमी व्हावा एवढा हा रेटा आहे. इंजिन तो भरून काढतें.

गोळीला मात्र इंजिन नसतें. नळी सोडल्या क्षणापासून हवा तिला अडवूं लागते, आणि वेग जितका अधिक तितका हा अडथळा झपाट्यानें वाढतो. विमानाकडून उसना मिळालेला वेग म्हणूनच फार काळ टिकत नाहीं. वीस हजार फुटांवर हवा निम्म्याइतकी विरळ असल्यानें तेथें गोळी अधिक लांब जाते, एवढाच काय तो दिलासा.

यांतून एक विलक्षण प्रकार घडला. २१ सप्टेंबर १९५६ रोजीं अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या किनाऱ्याबाहेर टॉम अॅट्रिज हा चांचणी-वैमानिक ग्रमन कंपनीच्या टायगर या जेट विमानाच्या तोफा तपाशीत होता. १३,००० फुटांवर उतरत्या झेपेंत त्यानें गोळ्या झाडल्या आणि झेप अधिक तीव्र करून तो खालीं गेला. ७,००० फुटांच्या सुमारास समोरची कांच फुटली व इंजिनास इजा झाली. पक्षी आदळला असें त्याला वाटलें. धांवपट्टी गांठण्यापूर्वींच विमान कोसळलें; तो जखमी झाला, पण वांचला. विमानाला लागल्या होत्या त्याच्याच गोळ्या! हवेनें रोखलेल्या गोळ्या वांकड्या वाटेनें खालीं येत होत्या, आणि विमान इंजिनाच्या जोरावर अधिक सरळ वाटेनें तेथें पोंचलें होतें. सुटल्यापासून भेटीपर्यंत अकराच सेकंद गेले.

आज नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यांत बांधलेल्या सुखोई विमानांत ३० मिलिमीटरची एकच तोफ असते व तिच्या दीडशे गोळ्या पांच-सहा सेकंदांत संपतात. अंतर, घसर, गोळीची पडझड, लक्ष्याची चाल हा सारा हिशेब यंत्र करतें आणि चालकासमोरच्या कांचेवर प्रकाशाचें चिन्ह उमटवितें. टेम्पेस्टच्या चालकास हेंच काम बहुतांशीं डोळा, हात आणि सरावाच्या बळावर करावें लागे.