एक आडनाव, दोन गव्हर्नर

माहीम (पालघर) : मुंबईत माहीम आहे आणि पालघर स्थानकाच्या पश्चिमेला समुद्रकाठीही माहीम आहे. घोटाळा टाळण्यासाठी या दुसऱ्या गावाला शेजारच्या केळव्याशी जोडून ‘केळवे-माहीम’ म्हणण्याचा प्रघात पडला. गावांच्या नावांबाबत घेतलेली ही काळजी आडनावांबाबत मात्र क्वचितच घेतली जाते. मुंबईत शतकाहून अधिक काळ रुळलेले ‘एल्फिन्स्टन’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. एल्फिन्स्टन कॉलेज आणि एल्फिन्स्टन रोड ही नावे एकाच साहेबाची, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः ते दोन निरनिराळे गव्हर्नर होते. एक काका, दुसरा पुतण्या.

एल्फिन्स्टन हे मूळचे स्कॉटिश आडनाव. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव होते, त्याच धर्तीवर एडिंबरोच्या पूर्वेकडील ईस्ट लोदियन परगण्यातील एल्फिन्स्टन या ठिकाणावरून ते आले. १५१० मध्ये या घराण्याला ‘लॉर्ड’ ही पदवी मिळाली. त्याआधी, १४९५ मध्ये, याच आडनावाचे बिशप विल्यम एल्फिन्स्टन यांनी अॅबर्डीन विद्यापीठाची स्थापना केली होती.

काका म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. अकराव्या लॉर्डचे हे धाकटे पुत्र १७९६ मध्ये कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आले आणि १८११ मध्ये पुण्याच्या दरबारी रेसिडेंट झाले. जून १८१७ मध्ये त्यांनी दुसऱ्या बाजीरावावर लादलेल्या पुणे तहाने उत्तर कोकण कंपनीकडे गेले. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेले केळवे-माहीम त्यातच होते. पुढे माहीम हे ठाणे जिल्ह्यातील एका तालुक्याचे नाव झाले. म्हणजे या परिसराच्या इतिहासाशी एल्फिन्स्टन नावाचा संबंध मुंबईच्या रेल्वे स्थानकाहून कितीतरी जुना आहे.

१८१९ ते १८२७ या काळात माउंटस्टुअर्ट मुंबईचे गव्हर्नर होते. पेशवाई बुडविणारा हाच मुत्सद्दी एतद्देशीयांच्या शिक्षणाचा पुरस्कर्ता ठरला, हा इतिहासातील विरोधाभास म्हणावा लागेल. ते मायदेशी परतताना मुंबईकरांनी निधी उभारला आणि त्यातून त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था आकाराला आली. बाळशास्त्री जांभेकर आणि दादाभाई नौरोजी यांनी तेथे अध्यापन केले. न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर तेथे शिकले, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातूनच पदवीधर झाले.

पुतणे म्हणजे तेरावे लॉर्ड, जॉन एल्फिन्स्टन. मद्रासचे गव्हर्नरपद भूषविल्यानंतर १८५३ ते १८६० या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. १८५७ चा उठाव आणि त्याच वर्षी झालेली मुंबई विद्यापीठाची स्थापना, या दोन्ही घटना त्यांच्या कारकिर्दीतील. आजचे हॉर्निमन सर्कल म्हणजे पूर्वीचे एल्फिन्स्टन सर्कल आणि एल्फिन्स्टन रोड ही नावे या पुतण्याची होत.

याच घराण्यातील तिसरे नाव लष्करी इतिहासात अपयशाचे प्रतीक बनले. माउंटस्टुअर्ट यांचे नातलग जनरल विल्यम एल्फिन्स्टन यांच्या नेतृत्वाखालील फौज जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना जवळपास पूर्णपणे गारद झाली. जनरलसाहेब त्याच वर्षी अफगाणांच्या कैदेत मरण पावले. त्यापूर्वी १८०८ मध्ये माउंटस्टुअर्ट कंपनीचे वकील म्हणून अफगाण दरबाराकडे रवाना झाले होते आणि त्या देशावर त्यांनी ग्रंथही लिहिला होता.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक प्रवाशांचा बळी गेला. जुलै २०१८ मध्ये स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. स्थानिक देवतेचे नाव स्थानकाला मिळाले हे उचितच. तथापि, त्या वेळी पुसले गेले ते पुतण्याचे नाव. काकांचे नाव आजही कॉलेजावर कायम आहे. नाव ठेवावे की बदलावे, हा निर्णय समाजाने जरूर घ्यावा. पण ते नेमके कोणाचे आणि त्याने काय केले, हे ठाऊक असल्याखेरीज गौरव आणि निषेध दोन्ही भलत्याच माणसाच्या वाट्याला जातात.