व्हीटीची काटकसर

भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये असलेलं नाहूर हे मध्य रेल्वेवरचं तसं नवं स्टेशन. इथे फक्त धिम्या गाड्या थांबतात. त्यातली एक पकडली की तीसेक किलोमीटरवर ती एका दगडी इमारतीच्या पाठीशी जाऊन थांबते. कागदोपत्री हिचं नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. गर्दीच्या तोंडी अजूनही व्हीटी. घाईत बाहेर पडणाऱ्या बहुतेकांना ती निव्वळ स्टेशन वाटते. घुमटाखालची दर्शनी वास्तू मात्र मुळात सरकारी कचेरी आहे, मध्य रेल्वेचं मुख्यालय. तिथे आजही फायली फिरतात, बैठका होतात आणि विजेचं बिल येतं. २०२१ मध्ये या स्थानकाला इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं सुवर्ण मानांकन मिळालं. जागतिक वारशाच्या यादीतल्या, एक खिळा ठोकायचा तरी परवानगी लागणाऱ्या वास्तूला पर्यावरणाच्या परीक्षेला बसवणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. पुढे पसारा वाढला तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने नव्या इमारतीचं काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्याकडे सोपवलं. १८७८ मध्ये सुरू झालेलं बांधकाम १८८८ मध्ये पुरं झालं; खर्च आला सोळा लाख चौदा हजार रुपये. दगडातलं कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं. तिकीटघराकडे पळताना क्षणभर मान वर केली, तर कमानींवर मोर, माकडं, पानंफुलं दिसतात. २००४ मध्ये युनेस्कोने वास्तूला जागतिक वारसा ठरवलं. पण बांधणाऱ्यांनी एक गोष्ट अशी करून ठेवली, जिची दखल वारशाच्या कौतुकात फारशी घेतली जात नाही. ती म्हणजे ही इमारत विजेवाचून चालेल अशी बांधली.

दुसरा इलाजही नव्हता. विजेवरची पहिली गाडी इथून कुर्ल्याला गेली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. तोवर इमारत ३७ वर्षांची झाली होती. मुंबईच्या मे महिन्यात कारकुनांना कामाला बसवायचं, तर गारवा बांधकामातूनच काढायला हवा होता. म्हणून छत उंच, म्हणजे गरम हवा डोक्याच्या बरीच वर राहते. कमानींच्या रांगांमागे खोल गॅलऱ्या, म्हणजे ऊन खोलीच्या भिंतीपर्यंत थेट पोचत नाही आणि पावसातही खिडकी उघडी ठेवता येते. जाड दगडी भिंत दिवसभराची उष्णता सावकाश घेते, सावकाश सोडते. आराखडा मधल्या अंगणाभोवती वळलेला असल्याने वारा आणि उजेड आतवर येतो. आज वास्तुविशारद ज्याला वातानुकूलनाचा भार कमी करणं म्हणतात, ते इथे आधीच उरकलेलं आहे.

दगडाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या त्या काळच्या इमारतींचा पिवळसर दगड कुर्ला-मालाडच्या खाणींतून यायचा, फिका चुनखडीचा दगड पोरबंदरहून. तो काढायला, आणायला, घडवायला जे इंधन आणि घाम लागला तो एकदाच; त्यावर सव्वाशेहून अधिक वर्षं कचेरी चालली आहे. याच्या उलट चित्र नाहूरकरांच्या परिचयाचं आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने एकामागून एक पडले आणि तिथे टॉवर उभे राहिले. पाडकामाचं डेब्रिज ट्रकांनी कुठेतरी गेलं, नवं सिमेंट-पोलाद ट्रकांनी आलं. या सगळ्यात हवेत गेलेला कार्बन कुणाच्या वीजबिलात दिसत नाही. उभी इमारत न पाडता वापरत राहणं हीच पर्यावरणाच्या दृष्टीने पहिली बचत असते. सौरपट्ट्यांचा नंबर त्यानंतरचा.

त्या दुसऱ्या टप्प्यात व्हीटीने काय केलं? छपरांवर २४५ किलोवॉट क्षमतेच्या सौरपट्ट्या बसवल्या. मुंबईच्या उन्हात एका किलोवॉटमागे वर्षाला साधारण १,३०० युनिट धरले, तर हे सव्वातीन लाख युनिटांच्या आसपास जातं. दिवे एलईडीचे झाले. कचेऱ्यांत माणूस नसेल तर दिवा आपोआप बंद करणारे सेन्सर लागले. पंखेही बदलले. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट खातो, तर नव्या बीएलडीसी मोटरचा ३० वॉटच्या आसपास. मोठ्या मोकळ्या जागांत लांब पात्यांचे, संथ फिरणारे पंखे आले. असा एक पंखा बऱ्याच लहान पंख्यांचं काम करतो. आवारातली झाडं-हिरवळ आणि विजेवरच्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोय हीही मानांकनाच्या जमेत धरली गेली.

ही यादी नव्या कोणत्याही इमारतीला लागू पडेल. खरी कसोटी हे सगळं बसवायचं कुठे, ही आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे आणि ही वास्तू तिच्या प्रथम श्रेणीत आहे. दर्शनी भागाला बाध येईल असं काही चालत नाही, म्हणून सौरपट्ट्यांना नजरेत न येणारी साधी छपरंच शोधावी लागतात. जुन्या सरकारी कचेऱ्यांत सर्वांत जास्त नासधूस होते ती मात्र कुणाच्या लक्षात न येणाऱ्या कामांनी. उंच छताखाली खोटं छत ठोकायचं, गॅलरीला काच लावून खोली वाढवायची, मग गुदमरतंय म्हणून एसी बसवायचा आणि त्याचं पाणी वर्षानुवर्षं दगडावर गळू द्यायचं. इमारतीने फुकट दिलेला वारा अडवायचा आणि तोच विकत घ्यायचा, असा हा व्यवहार आहे.

दुरुस्तीचंही तेच. दोन दगडांमधल्या दरजा जवळून पाहा. पक्ष्याच्या विष्ठेतून आलेलं पिंपळाचं बी त्या फटीत रुजतं. वर दोन पानं दिसतात तेव्हा आत मूळ हातभर गेलेलं असतं. घाईचा ठेकेदार पानं तोडतो आणि फट सिमेंटने लिंपतो. सिमेंट कडक, ते आतली ओल बाहेर येऊ देत नाही. मग ओल दगडातून वाट काढते, क्षार पृष्ठभागावर येऊन फुलतात आणि नक्षीचे पापुद्रे सुटतात. जाणकार गवंडी मूळ काढून चुन्यानेच दरजा भरतो. भिजवून मुरवलेला चुना, वाळू, परंपरेने त्यात गूळ-हिरड्याचं पाणी. चुना ओल सोडतो, दगडाबरोबर थोडा हलतो आणि भाजायला सिमेंटपेक्षा कमी आच मागतो. इथे वारशाचं आणि पर्यावरणाचं हित एकच आहे.

पाण्याच्या हिशेबात नाहूर पुन्हा येतं. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा शुद्ध होतो तो नाहूरच्या शेजारी, भांडुप संकुलात. तिथून तो जलवाहिन्यांनी दक्षिणेकडे जातो. मुंबईत वर्षाला साधारण २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे नुसत्या हजार चौरस मीटर छपरावर २२ लाख लिटर पाणी. बागेला आणि फलाट धुवायला पिण्याचं पाणी वापरण्याचं कारण उरत नाही. प्रश्न फक्त ते साठवायच्या टाकीचा आणि जुनी पन्हळं साफ ठेवण्याचा असतो.

जगात अशी उदाहरणं आहेत. बर्लिनचं संसदभवन राइशस्टाग व्हीटीच्याच पिढीचं, १८९४ मधलं. नॉर्मन फॉस्टर यांनी त्यावर १९९९ मध्ये काचेचा घुमट चढवला. त्यातल्या आरशांच्या शंकूमुळे सभागृहात दिवसाचा उजेड उतरतो आणि वीज-उष्णतेसाठी वनस्पती तेल जाळलं जातं. आपल्याकडे काचेचा घुमट नको, स्टीव्हन्सचा पुरेसा आहे. आपला धडा याच मार्गावर भायखळ्याला मिळतो. तिथल्या जुन्या स्टेशनाचं मूळ रूप जपून केलेल्या दुरुस्तीला २०२२ चा युनेस्को आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

आता मोठी परीक्षा पुढे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि सीएसएमटी या तीन स्थानकांच्या पुनर्विकासाला सुमारे दहा हजार कोटी रुपये मंजूर केले. भारतीय रेल्वेने २०३० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्यही जाहीर केलं आहे. ही दोन्ही वचनं एकाच आवारात पाळायची, तर भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्राने भागणार नाही. व्हीटीची वर्षाची वीज, पाणी आणि दुरुस्तीच्या चुन्या-सिमेंटचा हिशेब प्रवाशांना दिसेल असा लावावा. बंद केलेल्या गॅलऱ्या आणि झरोके आधी मोकळे करावेत, यंत्रं नंतर आणावीत. सुवर्ण मानांकन २०२१ चं आहे. काटकसर १८८८ ची आहे. जपायची ती दुसरी.