रागवायला तरी संघ हवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारताचा फुटबॉल संघ सिंगापूरकडून १-२ असा पराभूत झाला आणि २०२७ च्या आशिया चषक स्पर्धेत प्रवेश मिळवण्याची त्याची उरलीसुरली आशा मावळली. छांगटेने आरंभीच गोल करून आघाडी मिळवून दिली होती. ती मध्यंतराच्या तोंडावर गेली आणि उत्तरार्धात सामनाही गेला. पुढच्याच महिन्यात, १८ नोव्हेंबरला, ढाक्यात बांगलादेशानेही आपल्याला १-० असे नमवले. बांगलादेशाकडून हार पत्करण्याची ही बावीस वर्षांतील पहिलीच वेळ. क्रिकेटमध्ये याच्या दशांशाने मानहानी झाली असती तरी देशात गहजब उडाला असता. फुटबॉलच्या वाट्याला मात्र दोन दिवसांची हळहळ आली आणि तिसऱ्या दिवशी सारे आपापल्या कामाला लागले. पराभवापेक्षा ही शांतताच अधिक चिंताजनक आहे, असे आम्हांस वाटते.

ही शांतता खटकण्याचे कारण, आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचा पराभव शांतपणे पचवण्याची रीत नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ ही नावे येथे केवळ संघांची नाहीत, ती माणसांच्या ओळखीची आहेत. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात. कसबा बावडा हे तसे पेठांबाहेरचे, नदीकाठी ऊस पिकवणारे गाव. पुढे ते शहराच्या हद्दीत आले, तरी बावडेकर अजून ‘कोल्हापूरला जाऊन येतो’ असेच म्हणतो. पण आवडत्या तालमीचा सामना असला की हा बावडेकरही कामधाम आवरून चार-पाच किलोमीटरवरचे स्टेडियम गाठतो, नव्वद मिनिटे घसा कोरडा करतो आणि संघ हरला तर परतीच्या वाटेवर आघाडीच्या खेळाडूपासून पंचापर्यंत सर्वांचा उद्धार करीत घरी येतो. संघ सलग तीन सामने हरला म्हणून चौथ्या सामन्याला तो जात नाही, असे होत नाही. उलट चौथ्या सामन्याला तो अधिक रागाने जातो.

या रागाची किंमत कोणाला कळली असेल तर ती सुनील छेत्रीला. जून २०१८ मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईचा ५-० असा फडशा पाडला तेव्हा तो पाहायला जेमतेम अडीच हजार माणसे होती. त्यानंतर छेत्रीने देशवासीयांना जाहीर विनवणी केली. आमच्यावर टीका करा, हवे तर शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या, असा तिचा आशय होता. केनियाविरुद्धच्या पुढच्याच सामन्याची सर्व तिकिटे खपली आणि भारत ३-० असा जिंकला. देशाच्या कर्णधाराने ‘या आणि रागवा’ म्हणून हात जोडावेत, ही गोष्ट कोल्हापूरकराला अजब वाटावी अशीच आहे. येथे रागवायला आमंत्रण लागत नाही.

मग हाच कोल्हापूरकर भारतीय संघावर का रागवत नाही? तो अडाणी नाही. विश्वचषकाच्या दिवसांत मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे भले थोरले कटआउट याच शहरातल्या चौकाचौकांत उभे राहतात आणि अर्जेंटिनाच्या बचावफळीतील उणिवा पानपट्टीवर तावातावाने मांडल्या जातात. त्याचे प्रेम गल्लीतल्या तालमीवर आहे, तसेच सात समुद्रांपलीकडल्या ब्राझीलवरही आहे. या दोहोंच्या मध्ये जे असायला हवे होते, तेथे पोकळी आहे. भारतीय संघ त्या पोकळीत कोठेतरी तरंगत असतो.

ही पोकळी सदाचीच होती असे नाही. १९५१ आणि १९६२ साली आशियाई क्रीडास्पर्धांचे सुवर्णपदक भारताने जिंकले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवताना तीन गोल केले ते नेव्हिल डिसोझाने. हा मूळचा गोव्याचा आणि खेळत असे मुंबईच्या क्लबांकडून. आपल्या ओळखीच्या मैदानावर काल पाहिलेला खेळाडू उद्या देशासाठी गोल करतो, हा अनुभव त्या पिढीला मिळत होता. आता महाराष्ट्रातील प्रेक्षकाच्या वाट्याला काय आले ते पाहा. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये मालकांनीच गुंडाळला. पुणे एफसी गेला, त्याच्या मागोमाग डीएसके शिवाजियन्स गेला, मुंबई एफसी गेला. २०१४ साली गाजावाजा करीत इंडियन सुपर लीग सुरू झाली, तीत आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. बालेवाडीच्या स्टँडमध्ये नारिंगी सदरे घालून पाच वर्षे ओरडलेल्या पोरांना कोणी एका शब्दाने विचारले नाही. संघ वाईट खेळला म्हणून चडफडणे हे चाहत्याचे सुख तरी असते. संघच उचलून नेला तर चडफडायचे कोणावर? या लीगमध्ये पहिली अनेक वर्षे खालून वर चढणे नव्हते आणि वरून खाली घसरणेही नव्हते. ज्या स्पर्धेत घसरण्याचे भय नाही, तेथे प्रेक्षकाच्या रागाला तरी काय किंमत?

संघ ढासळला की प्रशिक्षक बदलायचा, हा उपाय मात्र झटपट अमलात येतो. जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात तीनही सामने एकही गोल न करता गमावले, मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने हरवले आणि जूनमध्ये स्टिमॅक गेले. मार्केझ आले, वर्षभरात एकच सामना जिंकून तेही गेले. मग खालिद जमील आले. जुलै २०२३ मध्ये ९९ वर असलेला भारताचा जागतिक क्रमांक नोव्हेंबर २०२५ मध्ये १४२ वर घसरला. निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, पुन्हा बोलवावे लागले. मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. चाळिशीच्या माणसाचे कौतुक जरूर करावे, पण त्याची जागा घेणारा विशीतला मुलगा कोठे आहे, हे विचारणारा राग आपल्याकडे संघटित झालेला नाही.

येथे कोल्हापूरने स्वतःकडेही पाहावे. अनिकेत जाधव हा आमचा मुलगा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, याचा सर्वांनाच अभिमान आहे; पण त्याची जडणघडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली, हेही विसरता येत नाही. शाहू स्टेडियमवर गर्दी जमते ती वरिष्ठ गटाच्या सामन्यांना. कुमार गटाच्या सामन्यांना ती का नसते? विजयाच्या घाईत तालमी परगावचे आणि आफ्रिकेतलेही खेळाडू आणतात. त्यांना आमचा विरोध नाही, त्यांच्यामुळे खेळाचा वेग वाढला, हे खरेच. पण बावड्यातला सोळा वर्षांचा मुलगा हंगामभर राखीव बाकावर बसतो, तेव्हा त्याच्यासाठी कोणी ओरडत नाही. आमचा राग पंचावर निघतो, प्रतिस्पर्धी समर्थकांवर निघतो, कधी दगडांच्या रूपानेही निघतो, आणि मग पोलीस बंदोबस्तात सामने उरकावे लागतात. एवढी ताकद, पण तिला दिशा नाही.

तालीम आणि देश यांच्यामधली एक पायरी अजून शाबूत आहे, ती राज्याच्या संघाची. संतोष करंडक महाराष्ट्राने शेवटचा जिंकला तो १९९९-२००० च्या हंगामात. त्यानंतर पाव शतक उलटून गेले. राज्य निवडीत अन्याय होतो अशी कुजबुज कोल्हापुरात अधूनमधून ऐकू येते, पण हा संघ कधी निवडला जातो, कोठे सराव करतो, त्यात आपले किती, हे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या शंभरांपैकी पाचांनाही सांगता येणार नाही. राज्य संघटनेने या संघाचा सराव आणि निदान दोन सामने दरवर्षी कोल्हापुरात ठेवून पाहावेत. तिकीट लावूनही पायऱ्या भरतील. संघ वाईट खेळला तर त्याला ते तेथल्या तेथे, तोंडावर आणि शुद्ध कोल्हापुरी भाषेत ऐकवले जाईल, याची हमी बावडेकरांकडे मागावी लागणार नाही.