सर्व्हरची जलद जोडणी वारंवार का तुटते?

२५ किंवा १०० गिगाबिटची जोडणी क्षणभर तुटून पुन्हा जुळू लागली की पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. दोष मात्र बरेचदा केबलच्या टोकाशी सापडतो. सिंगल-मोड फायबरचा प्रकाशवाहक गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. त्यावर बसलेला धुळीचा कणही प्रकाश अडवतो. म्हणून नवे मॉड्यूल मागवण्याआधी टोके साफ करावीत. हे काम स्वस्त, आणि म्हणूनच बहुधा शेवटी केले जाते!

लिनक्सवर ‘इथटूल’ या आज्ञेने मॉड्यूलचे तापमान आणि त्यात पोहोचणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. अर्थात मॉड्यूलमध्ये ती सोय हवी. पातळी ठीक असूनही चुकांचा आकडा चढत असेल, तर दोन्ही बाजूंची एफईसी, म्हणजे चूक-दुरुस्तीची पद्धत, तपासावी. सर्व्हरवर एक आणि स्विचवर दुसरी असेल, तर जोडणी उभीच राहत नाही किंवा एकाच टोकाला चालू दिसते. २५ गिगाबिटच्या साध्या तांब्याच्या केबलला ५ मीटरचे अंतर या दुरुस्तीशिवाय झेपत नाही.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर केबल, मॉड्यूल आणि पोर्ट यांची अदलाबदल करावी, पण एका वेळी एकाचीच. दोष ज्या भागाबरोबर सरकतो, तोच भाग बदलायचा.