दोष झाकणाचा, शिक्षा पंपाला

द्राक्षबागेत फवारणीला लावलेला छोटा ट्रॅक्टर अर्धा तास ठणठणीत चालतो आणि मग आचके देत बंद पडतो. दहा-पंधरा मिनिटं तसाच उभा ठेवला की पहिल्याच सेल्फला चालू होतो. पुन्हा अर्ध्या तासानं तेच. अशा वेळी बांधावर जमलेल्यांपैकी कुणीतरी ‘पंप गेला’ असा निकाल देऊन मोकळा होतो. पंप खोलून तालुक्याच्या गावी कॅलिब्रेशनला जातो, नोजल बदललं जातं, जाडजूड बिल होतं. ट्रॅक्टर बागेत परत येतो आणि अर्ध्या तासानं पुन्हा बंद पडतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

या लक्षणाचं मूळ पुष्कळदा डिझेल टाकीच्या झाकणात असतं. टाकीत हवा यायला वाट ठेवलेली असते. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत ती झाकणातल्या बारीक छिद्रातून असते. फवारणीचं औषध, धूळ आणि तेलकट चिखल यांचा थर बसून ते छिद्र बुजतं. डिझेल खाली जाईल तशी त्याची जागा हवेनं घ्यायला हवी. ती आत येऊ शकली नाही तर टाकीतला दाब उतरत जातो. समजा, डिझेलच्या वर दहा लिटर मोकळी जागा आहे. इंजिननं अर्धा लिटर डिझेल वापरलं की तिथल्या हवेचा दाब जवळपास पाच टक्क्यांनी घटतो. आकडा किरकोळ वाटतो, पण एवढ्या फरकानं डिझेलचा सुमारे साठ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ अडून राहतो. आणि छोट्या ट्रॅक्टरात टाकी पंपापेक्षा जेमतेम तेवढीच वर असते. म्हणजे नळीत डिझेल आहे, टाकीत डिझेल आहे, पण ते खाली उतरत नाही. ट्रॅक्टर उभा राहिला की झाकणाच्या फटीतून हळूहळू हवा झिरपते, दाब सारखा होतो, आणि इंजिन काही झालंच नाही अशा थाटात चालू होतं.

याची परीक्षा फुकट आहे. बंद पडल्याबरोबर झाकण सैल करायचं. ‘फुस्स’ आवाज आला आणि त्यानंतर इंजिन लगेच चालू झालं, तर चोर सापडला. झाकण डिझेलमध्ये धुऊन छिद्र मोकळं केलं की काम संपलं.

एवढ्याशा गोष्टीनं एवढं मोठं धूड का अडावं, हे कळायला डिझेल इंजिनाचा स्वभाव पाहावा लागतो. यात ठिणगी नसते. पिस्टन हवेला मूळ आकारमानाच्या विसाव्या हिश्शापर्यंत दाबतो, ती हवा पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि तिच्यात नोजलमधून धुक्यासारखं डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. पंधरा एचपीच्या एका सिलिंडरच्या ट्रॅक्टराचा हिशेब करून पाहू. पूर्ण भारावर तो तासाला सव्वातीन लिटरच्या आसपास डिझेल पितो. इंजिन मिनिटाला २,३०० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एक याप्रमाणे तासाला ६९,००० फवारे होतात. भागाकार केला तर एका फवाऱ्याच्या वाट्याला येतं जेमतेम पन्नास घन मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढं डिझेल. तेही नोजलच्या रचनेनुसार वातावरणाच्या सव्वाशे ते दोनशे पट दाबानं.

हा दाब पंपातला एलिमेंट निर्माण करतो. एलिमेंट म्हणजे एक दांडी आणि तिची नळी. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन-तीन. रबराचा वायसर नाही की रिंग नाही. धातूवर धातू, आणि मध्ये वंगण म्हणून खुद्द डिझेल. रुडॉल्फ डिझेलच्या १८९७ सालच्या इंजिनाला असा पंप नव्हता. ते कॉम्प्रेसरमधल्या दाबलेल्या हवेच्या झोतानं इंधन आत ढकलत असे. त्याची ताकद सुमारे १८ एचपी, म्हणजे आजच्या बागेतल्या ट्रॅक्टराएवढीच. पण उंची तीन मीटर आणि वजन साडेचार टन! १९२७ पासून बॉश कंपनीचे पंप कारखान्यातून मोठ्या संख्येनं बाहेर पडू लागले आणि डिझेल इंजिन आटोपशीर करणं सोपं झालं. आपल्या नाशिकला बॉशच्या सातपूरच्या कारखान्यातही अनेक दशकं डिझेलची नोजलं आणि इंजेक्टर बनत आले आहेत.

आता त्या दाण्याएवढ्या डिझेलच्या जागी तेवढाच हवेचा बुडबुडा आला असं धरा. डिझेल दाबलं जात नाही म्हटलं तरी चालेल. दीडशे पट दाबाखाली ते एखादा टक्का आक्रसतं. हवा मात्र खुशाल दीडशेव्या हिश्शापर्यंत आक्रसते. दांडीची सगळी धाव तो बुडबुडा चेपण्यात जाते, नोजल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. यालाच मिस्त्री ‘एअर घेतली’ म्हणतात.

ही हवा शिरते कुठून? टाकी कोरडी पडू दिली तर उघडच आहे. उतारावर, टाकीत तळाला थोडंच डिझेल असताना ट्रॅक्टर कलला तरी नळीचं तोंड उघडं पडतं. तिसरी वाट मात्र फसवी आहे. ज्या ट्रॅक्टरात फीड पंप डिझेल ओढून घेतो, तिथे टाकी ते फीड पंप या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे नळीला चीर गेली किंवा बेंजो बोल्टखालचा तांब्याचा वायसर दबला, तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते. सांधा बाहेरून कोरडाठाक दिसतो. ‘गळत तर काहीच नाही’ हे वाक्य अशा वेळी पुरावा म्हणून धरू नये. हे वायसर एकदा दबले की पुन्हा नीट बसत नाहीत. खोललं की नवे घालावेत. एवढ्याशा वायसरची काटकसर करणारे लोक पंपाच्या कॅलिब्रेशनचे पैसे मात्र न कुरकुरता देतात.

निदानाला धुराची मदत होते. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून अजिबात धूर येत नसेल, तर बहुधा डिझेल पोचतच नाहीये. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी; तिथे आधी एअर क्लीनर बघायचा.

पाण्याची गोष्ट थोडी वेगळी. ‘रात्री टाकी भरून ठेवा, नाहीतर दव धरून पाणी होतं’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण हिशेब मांडला तर एका रात्रीचं पाणी फार निघत नाही. पंचवीस अंशांवरची दमट हवा पंधरापर्यंत थंड झाली, तर घनमीटरमागे साधारण दहा ग्रॅम पाणी सुटतं. टाकीतल्या दहा लिटर हवेतून म्हणजे दोन थेंब. पावसाळाभर अर्ध्या टाकीनं उभ्या ट्रॅक्टरात फार तर दोन चमचे. दोन चमचेही वाईटच, पण डिझेलात वाटीभर पाणी निघालं तर दवाला दोष देऊ नका. ते आलं उघड्यावर ठेवलेल्या कॅनमधून, किंवा ट्रॅक्टर धुताना प्रेशरचा फवारा झाकणावर धरला त्यातून. पाणी जड असल्यानं तळाशी बसतं. फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावं आणि घटकाभर ठेवावं. खाली वेगळा थर दिसला तर पाणीच.

पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या सीमारेषेवर जीवसृष्टीही नांदते. ‘अमोर्फोथेका रेझिनी’ नावाची बुरशी इंधनातल्या हायड्रोकार्बनांवर जगते आणि तिला लागणारं पाणी खालच्या थरातून घेते. विमानांच्या टाक्यांनाही तिनं पूर्वी बराच त्रास दिला आहे. फिल्टरवर काळपट, बुळबुळीत साय दिसली तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून आतून साफ करावी लागते. पाणी काढून टाकलं तर बुरशी वाढत नाही.

नव्या फिल्टरबाबतही एक सवय मोडायला हवी. एअर काढायचा वेळ वाचावा म्हणून फिल्टरमध्ये कॅनमधलं डिझेल ओतून तो बसवतात. मधल्या भोकातून ओतलेलं ते न गाळलेलं डिझेल फिल्टर कागदाच्या पलीकडच्या, स्वच्छ बाजूला पडतं आणि त्यातली धूळ थेट त्या दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत जाते. रॉकेलची भेसळ त्याहून वाईट. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ, त्याचं वंगण कमी. एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-६ डिझेलात गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत दहा इतकं खाली आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत वंगणाचं काम करणारे इतर घटकही कमी होतात, म्हणून वंगणासाठी वेगळं रसायन मिसळतात. त्यात रॉकेल घालणं म्हणजे ती भरपाई पुसून टाकणं. अशा वेळी पंप खरोखरच जातो.

एअर काढणं मात्र शेतकऱ्यानं स्वतः शिकून घ्यावं. काही मॉडेलांत हवा आपोआप टाकीकडे परत जाते. बाकीच्यांत टाकीचा कॉक उघडून आधी फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करायचा. फीड पंपाला हाताची लिव्हर असेल तर ती मारत राहायची. फेस येतो, बुडबुडे येतात, मग अखंड धार लागते. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. मग हेच पंपावरच्या स्क्रूला. शेवटी नोजलच्या नळीचं नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारायचा. डिझेल उसळू लागलं की आवळायचं. हे सगळं करून, झाकण, वायसर, फिल्टर तपासूनही इंजिन चालू झालं नाही, तरच पंपाचं सील तोडायचा विषय काढावा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. नोजलचा फवारा येतो का हे बोट लावून बघू नका, आणि चालू इंजिनात दाबाच्या नळीची गळती हातानं चाचपू नका. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत घुसतं. बाहेर सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण आतल्या पेशी मरू लागतात आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावं लागू शकतं. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय लगेच गाठा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की डिझेल दाबानं आत गेलं आहे.